स्टार्टर फिरतो, इंजिन उचलत नाही

मोटार बंद पडण्याच्या प्रकारांत गॅरेजवाल्याचा खरा कस लावणारी तक्रार एकच: स्टार्टर व्यवस्थित फिरतो, इंजिनही फिरतं, पण उचलत नाही. बॅटरी पार उतरली असेल किंवा स्टार्टरच जळाला असेल, तर गाडी मुकाट पडून राहते आणि कुठे बघायचं ते उघड असतं. इथे मात्र अर्धी यंत्रणा ठणठणीत असल्याची ग्वाही गाडी स्वतःच देत असते आणि उरलेल्या अर्ध्या यंत्रणेत दोष कुठेही दडलेला असू शकतो. या तक्रारीभोवती आपल्याकडे एक आख्यायिका तयार झाली आहे. पूर्वीचे मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष सांगत, आजची पोरं स्कॅनर लावल्याशिवाय बॉनेट उघडत नाहीत आणि उघडलं तरी पार्ट बदलण्यापलीकडे काही करत नाहीत. कॉम्प्युटर आला आणि कसब गेलं, असा तिचा मथितार्थ. यातलं निरीक्षण बऱ्याच अंशी खरं आहे, निदान मात्र चुकलेलं आहे. मिस्त्रींचं ते कसब कुणा एकाच्या कानाला लाभलेली देणगी नव्हती. सरकारचं औद्योगिक धोरण, सुट्या भागांची टंचाई आणि स्वस्त मजुरी यांनी मिळून ते घडवलं होतं. दोष शोधण्याचा क्रम आजही जवळपास तोच आहे. बिघडलं आहे ते शोधायला लागणारा वेळ आणि पार्टची किंमत यांच्यातलं गणित, आणि ते कॉम्प्युटरने बिघडवलेलं नाही.

या तक्रारीला स्वतःचा जन्मकाळ आहे, हे सहसा लक्षात येत नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं मोटारी हँडल मारूनच चालू होत. हँडल फिरवणाऱ्याच्या हाताला प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन लागे. एखाद्या ठिकाणी हँडल हलकं गेलं, तर तिथला व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा रिंगा झिजल्या आहेत, हे बॉनेट उघडायच्या आधीच कळे. म्हणजे इंजिन चालू करणं आणि तपासणं ही एकच क्रिया होती. त्याची किंमतही मोजावी लागे. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाजवळचं हाड मोडे; त्या विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर मंडळी आजही शोफरचं फ्रॅक्चर म्हणतात. १९१२च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि इंजिन फिरणं वेगळं व पेटणं वेगळं, अशी फाळणी झाली. ड्रायव्हर सीटवर बसून बटण दाबू लागला, आणि हाताला जे कळत होतं ते आता कानाने ओळखावं लागलं. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखं असेल तर स्टार्टरचा आवाज एका लयीत चढतो-उतरतो. एखादा सिलिंडर मेलेला असेल तर तेवढ्या जागी लय घसरते. टायमिंगचा पट्टा तुटला असेल तर इंजिन भरभर, सपाट आवाजात, कसला अडथळाच नसल्यासारखं फिरतं. मिस्त्रीच्या ज्या कानाचं एवढं कौतुक होतं, तो असा हँडलच्या जागी आलेला आहे. आपल्याकडे हा बदल बराच रेंगाळला. स्टार्टर असूनही हँडल गाडीच्या डिकीत पडून असे आणि बॅटरी दगा देई तेव्हा बाहेर निघे, त्यामुळे हात आणि कान दोन्ही बराच काळ कामात राहिले.

केटरिंग यांचं दुसरं काम इग्निशनचं. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही त्यांच्या कामातून रूढ झालेली रचना पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक पेट्रोल गाड्यांत टिकली. पॉइंट एका ठरावीक क्षणी उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि बॅटरीच्या बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट होऊन प्लगच्या टोकावर ठिणगी पडते. पॉइंटमधली फट असते ०.४ मिलिमीटरच्या आसपास; ती वाढली, मिटली किंवा तिथे काजळी धरली की सगळं ठप्प. शोधाचा क्रम या रचनेतून ठरला: आधी करंट, मग पेट्रोल, मग कॉम्प्रेशन, आणि तिन्ही ठीक निघाली तर टायमिंग. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं आणि पोऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचं. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पडली की बॅटरीपासून वायरच्या टोकापर्यंतचा सगळा मार्ग एका फटक्यात संशयातून सुटला. पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली तर संशय कंडेन्सरवर किंवा जळलेल्या पॉइंटवर. ठिणगी मुळीच नसेल तर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरमध्ये येणारी मधली जाड वायर काढून तीच परीक्षा. तिथे ठिणगी असेल तर दोष कॅपमध्ये किंवा रोटरमध्ये, तिथेही नसेल तर कॉइलमध्ये किंवा पॉइंटमध्ये. पेट्रोलसाठी कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरायची. स्टार्टर फिरताना पंपाने पिचकाऱ्या मारल्या पाहिजेत. पिचकारी येते आणि तरीही प्लग कोरडा, तर जेटमध्ये कचरा. प्लग ओला आणि वास मारणारा, तर चोक जास्त ओढला गेला आहे. कॉम्प्रेशनसाठी प्लगच्या भोकावर अंगठा दाबायचा, स्टार्टर फिरला की आतल्या दाबाने तो उडाला पाहिजे. या क्रमामागचं तत्त्व बघण्यासारखं आहे. कोणता दोष जास्त संभवतो यापेक्षा कोणता दोष तपासायला सर्वांत कमी श्रम पडतात, हे आधी धरलेलं आहे, आणि प्रत्येक पायरीवर संशयाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. या सगळ्याला कानाची गरज फार थोडी, शिस्तीची मात्र भरपूर.

ही शिस्त जगभरच्या मेकॅनिकांकडे होती. आपल्याकडे ती ज्या थराला गेली, त्याला कारण दिल्लीत घडलं. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईच्या रस्त्यांवर अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्यांची सरमिसळ होती. जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८पासून शिवडीला होता, फोर्डचंही मुंबईत बस्तान होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथसारख्या गाड्या जोडल्या जात. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांनी एक तर देशात उत्पादनाचा कार्यक्रम आखावा किंवा गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडी सोडली, फोर्डनेही त्याच सुमारास काढता पाय घेतला. जीप बाजूला ठेवली तर खासगी मोटारी बनवणारे मुख्य तिघेच उरले: उत्तरपाऱ्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. अँबॅसेडर १९५७-५८पासून २०१४पर्यंत निघत राहिली. फियाट ११००चं १०८९ सीसीचं इंजिन डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावं बदलत जवळजवळ शतकाच्या अखेरपर्यंत चाललं. गिऱ्हाइकाला नाडणारं हे धोरण मेकॅनिकला मात्र असा लाभ देऊन गेलं, जो अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या त्याच्या भाईबंदांना क्वचितच मिळाला असेल. ज्या इंजिनावर तो दहाव्या वर्षी हात काळे करायला बसला, त्याच इंजिनावर तो साठाव्या वर्षी चष्मा लावून बसू शकत होता. डेट्रॉइटमध्ये दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलत असताना दादर-परळच्या मिस्त्रीने एकाच इंजिनाचे हजारो आजार पाहिले. त्याला आवाजावरून दोष कळे, यात नवल कसलं? न कळता तरच नवल होतं.

दुसरं कारण टंचाईचं. आयातीवर निर्बंध, देशी उत्पादन मोजकं, आणि नवी कॉइल किंवा नवा पंप म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट. चुकीचा पार्ट बदलणं परवडत नसे, म्हणून दोष नेमका शोधणं भाग होतं. सापडल्यावरही पार्ट फेकला जाई असं नाही. पॉइंट पॉलिश पेपरवर घासून पुन्हा बसत, स्टार्टरचं वाइंडिंग नव्याने भरलं जाई, पंपाचा पडदा तेवढा बदलला जाई. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची बाजारपेठ, आणि जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. प्रीमियरच्या गाड्या ज्या उपनगरात जन्माला येत, तिथेच त्यांचे अवयवही विकले जात. पार्ट महाग आणि मजुरी स्वस्त असली की शोधायला दोन तास घालवणं हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मजुरी स्वस्त का होती, हेही बोललं पाहिजे, कारण जुन्या कसबाच्या आठवणी काढताना ते सोयीस्करपणे गाळलं जातं. १९५०पासून आयटीआय होत्या, १९६१ साली अप्रेंटिसशिपचा कायदा झाला, पण रस्त्याकडेच्या गॅरेजांत विद्या उतरली ती बहुतेक शाळा सुटलेल्या पोऱ्यांकडे. चहा आणणं, पाने ओळखणं, प्लग घासणं आणि उस्तादाच्या इशाऱ्यावर स्टार्टर मारणं, यात त्यांची कोवळी वर्षं जात आणि पगाराच्या नावाने फारसं काही मिळत नसे. ज्या परीक्षांना दोन माणसं लागतात, त्यांतला दुसरा माणूस जवळजवळ फुकट होता.

तिसरी गोष्ट हवामानाची. बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या चढावर मे महिन्याच्या दुपारी थांबलेली फियाट पुन्हा उचलत नसे. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. चढ चढून इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होई, आणि द्रव ढकलण्यासाठी बनलेला पंप वाफ ढकलू शकत नसे. ठिणगी उत्तम, टाकी भरलेली, कॉम्प्रेशन ठीक, तरी गाडी ढिम्म. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबणं. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवा शिरे आणि ठिणगीला प्लगपर्यंत जाण्यापेक्षा ओलाव्यावरून सरपटत जवळचं लोखंड गाठणं सोपं जाई. कॅपला केसाएवढी चीर असली तर तिच्यात कार्बनची काळी रेघ उमटे आणि पुढे तोच करंटचा राजमार्ग होई. रात्री अंधारात बॉनेट उघडून स्टार्टर मारला, तर वायरींवरून निळसर किडे वळवळताना दिसत. मिस्त्री कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसे आणि गाडी चालू होई. म्हणजे महिना कोणता, गाडी गार होती की तापलेली, रात्रभर कुठे उभी होती, हे सगळं पुराव्यातच धरलं जाई. ड्रायव्हरला पहिला प्रश्न असे तो गाडी काय करते हा नव्हे, बंद कधी पडली हा.

इथे कोणी म्हणेल की हे फारच गोंडस चित्र झालं. जुने मिस्त्रीही अंदाजपंचेच पार्ट बदलत. आक्षेप बरोबर आहे. कंडेन्सर हा त्या काळचा हमखास बळी होता. स्वस्त, तपासायला किचकट, म्हणून आधी तो बदलून बघायचा आणि मग पुढचं. घाटातल्या वाफेच्या बाबतीत तर विनोदच होई. दोष कचऱ्याचा समजून कार्बोरेटर उघडायचा, जेटमधून फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. तोवर पंप आपोआप गार झालेला असे, गाडी चालू होई आणि श्रेय फुंकरीला मिळे. चुकीचं निदान यशस्वी झालं की ते दुरुस्त होण्याचा संभवच उरत नाही, आणि अशी कितीतरी निदानं उस्तादाकडून शागिर्दाकडे पवित्र वारसा म्हणून गेली. शिवाय हे ज्ञान दोन-तीन इंजिनांपुरतंच होतं. एखादी परदेशी गाडी आली की भलेभले चाचपडत. पण या आक्षेपाने माझं म्हणणं मोडत नाही, उलट घट्टच होतं. कंडेन्सर का बदलला जाई? तो शोधण्यापेक्षा बदलणं स्वस्त होतं म्हणून. जिथे हे गणित उलटलं तिथे जुन्या मिस्त्रीनेही आजच्यासारखंच केलं.

मग ते गणित सगळीकडेच उलटत गेलं. १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती आली तेव्हा तीही कार्बोरेटरवरच होती, त्यामुळे तीन सिलिंडरांच्या इंजिनाला सरावायला गॅरेजांना फार वेळ लागला नाही. खरी उलथापालथ पुढच्या दशकातली. १९९३ साली मोटारींच्या उत्पादनावरचा परवाना उठला आणि कंपन्यांची रीघ लागली. एकट्या १९९८ सालात सँट्रो, मॅटिझ आणि पुण्यात बनलेली इंडिका अशा तीन नव्या गाड्या लोकांसमोर आल्या. त्याच वेळी धुराचे नियम कडक होत होते. १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्या आणि त्यांच्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आलं, आणि फेब्रुवारी २०००मध्ये शिसं घातलेलं पेट्रोल देशभरातच बंद झालं. नव्या मर्यादा कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. बॉशने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ सालीच फोक्सवॅगनवर आणलं होतं. आपल्याकडे ते तीस वर्षांनी ‘एमपीएफआय’ या अक्षरांच्या रूपाने गाड्यांच्या पाठीवर मिरवू लागलं. पॉइंट गेले, कंडेन्सर गेला, पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला. पंप टाकीच्या आत जाऊन बसला आणि दाब एका बारच्या छोट्या अंशावरून तीन बारच्या आसपास गेला, त्यामुळे वाफेचा त्रास जवळजवळ संपला. ठिणगी केव्हा पाडायची आणि पेट्रोल किती सोडायचं, हे क्रँकच्या सेन्सरकडून येणारी नोंद बघून कॉम्प्युटर ठरवू लागला.

त्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारायचं साधन म्हणजे स्कॅनर. कॅलिफोर्नियाने १९८८च्या गाड्यांपासून स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची केली, १९९६ साली सोळा पिनांचा एकसारखा सॉकेट सगळ्या अमेरिकेत आला. आपल्याकडे एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज चार हा धुराचा नियम ज्या तेरा शहरांत आधी लागू झाला त्यांत मुंबई, पुणे आणि चक्क सोलापूर होतं. त्याबरोबर या यंत्रणेचा पहिला टप्पा आला आणि २०१३मध्ये दुसरा. आता स्कॅनर नेमकं काय सांगतो ते बघू. समजा पडद्यावर पी०३३५ हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून अपेक्षित सिग्नल कॉम्प्युटरपर्यंत पोहोचला नाही. सेन्सर मेला, उंदराने वायर कुरतडली, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की दात असलेली रिंग सरकली, हे तो कोड सांगत नाही. ते मीटर लावून, वायर हलवून, कनेक्टर उघडूनच बघावं लागतं. कोड म्हणजे रुग्णाने सांगितलेली तक्रार, निदान अजून व्हायचं असतं. आणि इंजिन न उचलण्याच्या कितीतरी प्रसंगांत कोड येतच नाही. पंपाचा दाब कमी पडतोय, पेट्रोलमध्ये पाणी आहे, टाकी कोरडी असूनही काटा खोटं बोलतोय, यांतलं काही बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्युटरला कळत नाही.

म्हणून जाणता मेकॅनिक आजही त्याच जिन्याने चढतो, पायऱ्यांचं रूप तेवढं बदललं आहे. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. आली नाही तर हॉर्नचा तसाच रिले काढून पंपाच्या जागी लावून बघायचा, याला दमडी लागत नाही. स्टार्टर फिरत असताना अनेक गाड्यांत आरपीएमचा काटा किंचित उचलतो. तो मेल्यासारखा पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर संशय. जुनी ठिणगीची परीक्षा मात्र जशीच्या तशी करू नये, उघड्या ठिणगीने कॉइल आणि कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात. काही जुने उपाय तर नव्या यंत्रणेने स्वतःतच सामावून घेतले आहेत. ओव्हरफ्लो झालेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, ही कार्बोरेटरच्या काळातली युक्ती. आजच्या बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, म्हणजे ओले प्लग कोरडे होतात. कुणा इंजिनिअरला मिस्त्रींच्या सवयीची दखल घ्यावी लागली, असाच याचा अर्थ. ओल्या फडक्याचंही तेच. तापल्यावर मरणारा आणि गार झाल्यावर जिवंत होणारा क्रँक सेन्सर हा आजच्या गाड्यांचा ओळखीचा आजार आहे, आणि गाडी तापून बंद पडली की सेन्सरवर थोडं थंड पाणी ओतून ती उचलते का बघणं, ही त्यावरची रस्त्यातली परीक्षा. घाटातला तोच प्रश्न, बंद कधी पडली, इथेही पहिला.

काही ठिकाणी तर स्टार्टर न मारणं हेच निदान असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, पाणी दबतच नाही. मग स्टार्टरचा जोर कनेक्टिंग रॉडवर जातो आणि तो वाकू शकतो. अशा गाडीचे प्लग आधी काढायचे, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर उडवायचं, हे कुठल्याही स्कॅनरच्या पडद्यावर लिहिलेलं नसतं. पेट्रोलचीही अशीच गोष्ट. रॉकेलच्या भेसळीचं प्रकरण आपल्याकडे किती विकोपाला गेलं होतं ते २५ जानेवारी २०११ला कळलं, जेव्हा मनमाडजवळ भेसळीच्या अड्ड्यावर गेलेल्या यशवंत सोनवणे या मालेगावच्या अप्पर जिल्हाधिकाऱ्यांना जिवंत जाळण्यात आलं. अशा भेसळीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे प्लग काळे पडत आणि ती उचलताना कुरकुरे. त्यावर परीक्षा होती फिल्टर पेपरवर एक थेंब टाकायची: शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांनी आणखी एक प्रकार आणला. त्यांतल्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, आणि पेट्रोल वाचवायच्या नादात महिनोन्‌महिने टाकीच्या तळाशी दोन लिटर ठेवणाऱ्याचा पंप सुकतो. गाडी एका सकाळी फिरते आणि उचलत नाही, गॅसची टाकी तुडुंब भरलेली असताना.

स्कॅनरच्या बाजूने एक भक्कम आक्षेप उरतो. इमोबिलायझरने चावीतली चिप ओळखली नाही तर अनेक गाड्यांत स्टार्टर फिरतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल किंवा ठिणगी देत नाही. इथे फडकं, अंगठा, बाटली सगळं निरुपयोगी. कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते रस्त्याकडेच्या गॅरेजला मिळत नाही. हे मान्यच करावं लागेल. पण हा प्रश्न कसबाचा नाही, कुलपाचा आहे, आणि कुलूप कुणी लावलं तेही माहीत आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने २०१२ साली त्याविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारी होत्या. माहिती बंद ठेवली की बाहेरचा मेकॅनिक अडाणी दिसतो, आणि मग तो अडाणी आहे म्हणून गाडी अधिकृत केंद्रातच न्या, असं सांगणं सोपं जातं.

दुसरा आक्षेप मला याहून वजनदार वाटतो: आजच्या गाड्या मुळात फारशा बंदच पडत नाहीत, सराव नाही तर हात कसा बसणार? खरं आहे. त्यात मॉडेलांची गर्दी धरा, तर एकाच इंजिनाचा एकच आजार पुन्हा पुन्हा बघायची संधी आता क्वचितच येते. अँबॅसेडर-फियाटच्या जगाने दिलेली ती शिकवणी संपली आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून तिच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. सराव गेला तरी शिस्त राहू शकते. ती राहावी असं वाटायला मात्र तिचे पैसे मिळायला हवेत. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असो वा गल्लीतल्या गॅरेजमध्ये, बिलात पार्ट असतो आणि तो बसवण्याची मजुरी असते. दोन तास वायर चाचपून एक सैल अर्थिंग शोधणाऱ्याला त्या बिलात जागा नसते. जुन्या मिस्त्रीला ती वेगळी लागत नसे, कारण त्याचा आणि पोऱ्याचा वेळ धरलाच जात नसे. आज वेळेला भाव आला आहे आणि क्रँक सेन्सर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तेव्हा बदलून बघणं हा मेकॅनिकच्या बाजूने हिशेबी निर्णय ठरतो. काही गॅरेजांनी दोष शोधण्याचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे, चेकिंग चार्ज म्हणून. गिऱ्हाईक त्यावर हमखास विचारतं की काहीच बदललं नाही तर पैसे कशाचे.